ठेवायचा की द्यायचा

ओस्टर, नेब्रास्का
रविवार, ३० ऑगस्ट १९८७

जोलीन,

हे पत्र तू उघडशील की नाही, माहीत नाही. ईस्टरला पाठवलेलं कार्ड परत आलं नाही, म्हणजे टपालवाल्याने ते तुझ्या दारात तरी टाकलं असणार, एवढ्यावर मी समाधान मानते.

तुझं घर ठीक आहे. वेर्न दर शनिवारी तुझ्या अंगणातलं गवत कापतो. मागच्या दाराची जाळी वाऱ्याने फाटली होती, ती त्याने बदलली. सफरचंदं यंदा बेसुमार लागली. मी गोळा करून त्यांचा मुरंबा घातला आणि अर्ध्या बरण्या तुझ्या फळीवर ठेवल्या. परत येशील तेव्हा खा, नाहीतर रागाने फेकून दे. पण झाडाखाली फळ कुजू देणं माझ्याच्याने होणार नाही. आईने आपल्याला तसं शिकवलेलं नाही.

मिचच्या उजव्या हाताची बोटं थोडी हलायला लागली, असं पाद्रीबाईंकडून कळलं. खरं का? सख्ख्या भाच्याची खबर मला चर्चच्या पायरीवर कळावी, हे काही बरं दिसत नाही. तुला रागवायचा हक्क आहे. मागच्या ऑक्टोबरपासून तू डेन्व्हरच्या त्या हॉस्पिटलात पोराच्या उशाशी बसली आहेस. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. पण आपल्याला बहीणच नाही असं वागायचं, हे जरा जास्त होतं, जोलीन.

माझा केंट यंदाही शाळेच्या फुटबॉल संघात क्वार्टरबॅक आहे, म्हणजे प्रत्येक डावात बॉल आधी त्याच्याच हातात. कोच होराकने दुसरा मुलगा शोधून पाहिला, मिळाला नाही. वासरात लंगडी गाय शहाणी. केंट स्वतः तर म्हणत होता की या मैदानावर परत पाय ठेवणार नाही. मग जुलैत एका सकाळी उठला आणि बीटच्या शेतांच्या कडेने पळायला लागला. रोज पळतो. परत येतो आणि पंपापाशी वाकून ओकतो. बाप असून वेर्न एवढंच म्हणाला, "पळू दे गं, अंगातलं निघून जाईल." काय निघून जाईल ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

गुरुवारची जेवणं परत सुरू झाली. तीच आपली रीत. पुढच्या फळीतली पाच जाडी पोरं क्वार्टरबॅकला मारापासून वाचवणार, आणि क्वार्टरबॅकच्या आईने त्यांना उपासमारीपासून वाचवायचं. मागच्या वर्षी मांस-राजम्याची चिली माझी असायची आणि दालचिनीचे रोल तुझे. यंदा दोन्ही मीच केलं. डुवेन पोस्पिशिल तोंडावर म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण हे रोल दारात अडसर म्हणून चालतील." आणि सगळ्यांत जास्त त्यानेच खाल्ले. तुझ्या रोलांत तू नेमकं काय घालतेस, एवढं तरी एका ओळीत कळव.

आर्लिस


शनिवार, १९ सप्टेंबर

जोलीन,

काल आपण जिंकलो. "आपण" लिहिलं. चालत नसेल तर खोड.

केंट मागच्या शुक्रवारसारखाच पळाला. बॉल फेकला नाही, कुणाला दिला नाही, काखेत मारला आणि स्वतः पळाला, समोरच्या घोळक्यात घुसून. एकदा नाही, रात्रीच्या शेवटच्या शिट्टीपर्यंत. मागच्या वर्षी दुकानात लव्हॉन मला चारचौघांत म्हणायची, "आर्लिस, तुझं बरं आहे बाई. केंटची पँट धुवायलाच लागत नसेल." आणि रांगेतल्या सगळ्या बायका हसायच्या. आज तीच लव्हॉन म्हणाली, "काय गं, साबण पुरतो ना?" आणि साबणाची एक जास्तीची वडी माझ्या पिशवीत टाकली. मला बरं वाटलं. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? रस्त्याने घरी येताना माझी मान ताठ होती, आणि मग तुझं घर लागलं, पडदे लावलेलं.

तू म्हणशील, हिला खेळातलं काय कळतं. काही कळत नव्हतं, हे खरं. वीस वर्षं मी त्या बाकांवर बसले ती शेजारणीशी बोलायला. म्हणून गुरुवारी मी डुवेनला विचारलं, "बाबा रे, हा पळतोय म्हणून सगळे एवढे खूष का? पळायला तर बॅक ठेवलेला असतो ना?"

डुवेनने ताटं बाजूला सारली. मिठाची बाटली उचलली. "हा केंट." मिरपूड उचलली. "हा बॅक." मग माझा एक रोल समोर ठेवला. "आणि हा समोरच्यांचा टोकाचा गडी. दगडासारखा, बघा, बरोबर जमलाय. आता काकू, याला आम्ही अडवतच नाही."

"का? जेवायला घालते ना मी तुम्हाला?"

"मुद्दाम मोकळा सोडतो. केंट बॉल बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. दोघांचेही हात बॉलवर. आणि तेवढ्यात केंट या टोकाच्या गड्याकडे बघतो. तो बॅकवर धावला, तर बॉल ओढून घ्यायचा आणि केंटने त्याच्या मागच्या रिकाम्या जागेतून पळायचं. तो केंटसाठी थांबला, तर बॉल देऊन टाकायचा. म्हणजे आम्ही कुणीही हात न लावता तो गडी बाद. क्वार्टरबॅक पळणारा असला की आम्ही अकरा, काकू. नसला की आम्ही दहा आणि एक बघ्या."

मी हसत विचारलं, "आणि क्वार्टरबॅकला पळायचंच नसेल तर?"

डुवेनने रोल उचलला आणि थेट मिरपुडीवर आणला. बाटली आडवी झाली. मग त्याच्या लक्षात आलं की मागच्या वर्षी त्या जागी तुझा मिच होता. पाचही पोरांनी माना खाली घातल्या. केंट उठला, ओलं फडकं आणलं आणि टेबलावर सांडलेली मिरपूड पुसत बसला. पुसून झाली तरी पुसतच होता.

यापुढे मला काही लिहिता येत नाही.

आर्लिस


सोमवार, ५ ऑक्टोबर

जोलीन,

बीटची काढणी सुरू झाली. ट्रक दिवसभर दारावरून जातात, रस्ताभर चिखल. वेर्न कोठारावरून जेवायलासुद्धा येत नाही.

तुला आठवतं तेच मलाही आठवतं. हॉस्पिटलचा तो कॉरिडॉर, आणि तू केंटच्या समोर उभी. तू आरडाओरडा केला नाहीस. तू हळू विचारलंस, "केंट, ठेवायचा होता की द्यायचा?" कोच म्हणाला, सामन्याची फिल्म अंधारी आहे, नीट दिसत नाही. वेर्न म्हणाला, एवढ्या घाईत कुणाला कळतं? सगळे बोलले, केंट बोलला नाही. मग तू नर्सला म्हणालीस, या मुलाला माझ्या मुलाच्या खोलीत येऊ देऊ नका. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

तर ऐक. तो आता बोलला आहे. मला बोलला, आणि तुझा प्रश्न होता म्हणून तुला कळवते.

मी हौदापाशी त्याची पँट घासत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, ठेवायचा होता."

"काय?"

"मिचच्या वेळी. टोकाचा गडी मिचवर निघाला होता. ठेवायचा होता. मी दिला."

"तुला दिसलं नसेल रे."

"मी बघितलंच नाही. आधीच्या डावात बरगडीत धडक बसली होती, श्वास येत नव्हता. बॉल हातात यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं, देऊन टाकायचा. म्हणजे मला लागणार नाही." आणि मग म्हणाला, "मी त्याच्या पोटात बॉल दाबला ना, तेव्हा तो हसला होता. त्याला वाटलं, मी बघून दिलाय."

मी त्याला जवळ घेतलं नाही. हात साबणाचे होते, हे नुसतं निमित्त. मला त्या क्षणी तुझा मिच दिसत होता, हसणारा. आपल्या दोघींच्या पोरांनी एका टबात आंघोळ केली आहे, जोलीन. तुझा कायम पाणी उडवायचा आणि माझा डोळे मिटून बसायचा.

आता तू म्हणशील, बरं झालं, कबूल तरी केलं. पण पुढचं ऐक, त्यासाठीच हे लिहिते आहे. चार सामने झाले, चारही जिंकले, आणि गाव वेडं झालंय. दुकानांच्या काचांवर त्याचा नंबर रंगवलाय. पण नवा बॅक आहे ना, लॉनी झेलिन्स्की, बारकुडा, दहावीतला, तो काल चर्चबाहेर मला म्हणाला, "काकू, केंटला सांगा ना. मी नुसता वाकून रिकामा पळतो. टोकाचा गडी समोर थांबलेला असतो, बॉल मलाच द्यायचा असतो, तरी केंट ओढून घेतो. दर वेळी. आणि त्याच्याच अंगावर जातो."

दर वेळी. कळतंय का तुला? लोकांना वाटतं पोरगा शूर झाला. मी त्याची आई आहे. तो शूर नाही झाला. तो मिचच्या शेजारी खाट मिळवायच्या खटपटीत आहे.

आर्लिस


रविवार, २५ ऑक्टोबर

जोलीन,

या वेळी मुरंबा नाही, हवापाणी नाही. सरळ मागायला आले आहे.

गेल्या आठवड्यात धुण्यात त्याच्या चड्डीवर रक्त दिसलं. गवताचे डाग, मातीचे डाग, कोपराचं रक्त, हे सगळं मला आता पाठ आहे. हे तसलं नव्हतं. मी न्हाणीच्या दारात उभी राहिले आणि त्याला बाहेर येऊच दिलं नाही. "खरं सांग, लघवीतून जातंय का?" शेवटी हो म्हणाला. दर सामन्यानंतर दोन-तीन दिवस. पाठीत, डाव्या बाजूला, काळंनिळं झालंय, बशीएवढं.

वेर्नने त्याला त्याच पावली डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला मार बसलाय, विश्रांती द्या. शुक्रवारी सकाळी मी शाळेत येईन तेव्हा लघवीचा नमुना दे, स्वच्छ आला तर खेळ, नाहीतर मोसम संपला. मी देवाकडे काय मागितलं ते सांगायला मला लाज नाही वाटत. मी मागितलं की लाल येऊ दे. पण आला स्वच्छ, झऱ्याच्या पाण्यासारखा. डॉक्टर म्हणाले, तरुण शरीर आहे, भरून येतं. संध्याकाळी तो परत मैदानावर होता.

मी कोच होराककडे गेले. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि म्हणाला, "आर्लिस, पंचवीस वर्षांत असं काळीज असलेला पोरगा मला मिळाला नाही." मी म्हणाले, "मागच्या वर्षी तर तू म्हणायचास की याला काळीजच नाही." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

वेर्नला म्हणाले, तू बाप आहेस, बंद कर हे. वेर्न बराच वेळ बूट काढत बसला आणि म्हणाला, "मी बंद केलं तर तो दुसरं काही शोधेल. इथे निदान डोक्याला हेल्मेट तरी आहे." त्या वाक्यानंतर मी घरातली बंदूक तुझ्या तळघरात नेऊन ठेवली. किल्ली माझ्यापाशी आहे. तुला न विचारता ठेवली, माफ कर.

मग मी केंटलाच विचारलं, "कधी थांबणार तू?"

"मोसम संपला की."

"खरं सांग."

तो म्हणाला, "जोलीन मावशी म्हणेल तेव्हा."

आता बोल. गावाचं तो ऐकत नाही, गाव तर टाळ्याच वाजवतंय. बापाचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तुझ्या एका वाक्याने हे सुरू झालं, असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण तुझ्या एका वाक्याने हे थांबेल. माफ केलं असं म्हणू नकोस, मनात नसेल तर म्हणूच नकोस. नुसतं "पुरे" म्हण. एका कार्डावर दोन अक्षरं लिहून पाठव. मला तू आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल. मी मुरंबा तुझ्या दारात ठेवत जाईन.

तुझा पोरगा खाटेवर आहे. माझ्याही पोराला तिथेच बघायचं आहे का तुला? हे वाक्य खोडणार होते. राहू दे. मला हेच विचारायचं आहे.

आर्लिस


शुक्रवार, ६ नोव्हेंबर, सकाळी

जोलीन,

काल काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू पोरावर चिडशील.

गुरुवारचं जेवण चाललं होतं. पोरं, चिली, नेहमीचा गोंधळ. लॉनीलाही बोलावलं होतं, डुवेन त्याला म्हणत होता, "खा रे काडी, वाऱ्याने उडशील." तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. एक बाई म्हणाल्या, "मी डेन्व्हरहून हेझल, नर्स. एक मिनिट हं, मी त्याच्या कानाशी धरते." आणि मग तो आवाज आला, बारीक, थांबत थांबत.

"आर्लिस मावशी, रोल कसे झालेत?"

मी म्हणाले, "दगडासारखे."

"आई दुधाऐवजी ताक घालते," मिच म्हणाला. "फोन केंटला दे."

तर तू तेव्हा धुणं धुवायला बाहेर गेली होतीस. तू निघून जाईपर्यंत तो थांबला होता, त्याच्यावर रागावू नकोस. आणि हेही कळलं की माझी पत्रं तू एकही उघडलेली नाहीस. बुटांच्या खोक्यात टाकत आलीस. आणि तो हेझलबाईंकडून एकेक काढून वाचून घेत आला. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे ऑगस्टपासून मी तुझ्याशी भांडते आहे आणि ऐकतोय तुझा मुलगा! हेझलबाई, तुम्ही हेही वाचत असाल, तर पुढचं जरा मोठ्याने वाचा: मिच, राजा, ताक घालून बघते. तुझ्या अंगणातलं गवत तुझा वेर्न काका तुझ्यासारखंच वाकडं कापतो.

केंट फोनपाशी आला. पोरांनी चमचे खाली ठेवले. डुवेनने टोपी काढली. आम्हाला फक्त केंटचं बोलणं ऐकू येत होतं, आणि तेही फार नव्हतं.

"हो."

"हो, ऐकतोय."

मग खूप वेळ काही नाही. मग म्हणाला, "ठेवायचा होता, मिच." मग एकदम, "नाही, तसं नाही." मग, "बघतो. हो. बघेन. शपथ." फोन ठेवला, जागेवर येऊन बसला आणि थंड झालेली चिली सगळी खाल्ली. जुलैपासून त्याला इतकं जेवताना मी बघितलं नव्हतं.

पोरं गेल्यावर भांडी विसळताना मी विचारलं. मिच काय म्हणाला ते केंटने मला शब्दाला शब्द सांगितलं. तू त्याची आई आहेस, तुला कळायला हवं.

म्हणाला: "माफ केलंय की नाही ते मला रोज वेगळं वाटतं, त्यामुळे ते विचारू नकोस. पण मी रेडिओवर सगळे सामने ऐकतो. अंधार पडला की आपलं स्टेशन इथपर्यंत येतं. प्रत्येक बॉल तूच ठेवतोस. एवढ्या वेळा ठेवायचा कधी नसतोच, केंट. म्हणजे तू अजूनही टोकाच्या गड्याकडे बघत नाहीस. तेव्हा घाबरला होतास म्हणून आधीच ठरवलंस, आता लाजतोस म्हणून आधीच ठरवतोस. मला काय फरक? तो लॉनी रिकामा पळतो ना, तिथे मी आहे. मला बॉल दे, जेव्हा द्यायचा असेल तेव्हा. आणि ठेवायचा असेल तेव्हा ठेव. पण बघ."

भ्यालेला आणि मरायला निघालेला, दोघंही समोर बघत नाहीत. एवढं मला माझ्या वयात कळलं नव्हतं, आणि तुझ्या पोराला खाटेवर पडून कळलं.

आज उपांत्य सामना आहे. सकाळी केंटने मला मिठी मारली, अशीच, काही कारण नसताना. डॉक्टरांकडे परत नमुना दिला, परत स्वच्छ आला. आज मी शेजारणीशी बोलणार नाही. मी टोकाच्या गड्याकडे बघणार आहे.

तुझी,
आर्लिस


डेन्व्हर
रविवार, ८ नोव्हेंबर

जोलीन,

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. हेझलबाई जिन्याने वर घेऊन येतील. मी दुसऱ्या मजल्यावर आहे. तू सहाव्या.

शुक्रवारी तो बघत होता. मी डोळ्यांनी पाहिलं, मान वळलेली दिसत होती. टोकाचा गडी त्याच्यासाठी थांबला की बॉल लॉनीच्या पोटात. लॉनी पळाला काय, उडाला काय, त्याची आई बाकावर उभी राहून किंचाळत होती. लोक आधी कुरकुरले. मागून कुणीतरी ओरडलं, "काय रे केंट, पँट मळेल म्हणून का?" मी वळून बघितलंसुद्धा नाही. मला वाटत होतं, माझं पोर परत आलं. त्याची पँट अर्ध्या सामन्यापर्यंत पांढरी होती, जोलीन, आणि मला त्या पांढऱ्या रंगाकडे बघून रडू येत होतं.

शेवटचा डाव होता. आपण मागे होतो, पण गुणाची रेषा जवळ होती. केंटने बॉल लॉनीच्या पोटाशी धरला. टोकाचा गडी या वेळी थांबला नाही. डोकं खाली घालून थेट लॉनीवर निघाला, आपल्या दोघींच्या पोरांपेक्षा दुप्पट होता. तुला हे सांगायची गरज नाही, तू हे आधी पाहिलं आहेस. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडातून निघालं, "ठेव." माझ्या पोराला मी म्हणाले, ठेव. आई असून.

त्याने ओढला. लॉनी रिकाम्या हाताने त्या गड्याखाली गेला, पण बॉल नव्हता म्हणून त्या गड्याने मधेच अंग आवरलं आणि लॉनी लगेच उठला. केंट रिकाम्या जागेतून रेषेच्या पार गेला. आणि तिथे बाजूने दुसरा कुणीतरी आला आणि हेल्मेट त्याच्या पाठीत, त्याच जागी. नियमात होतं. कुणाची चूक नव्हती.

तो उठला. लॉनीच्या पाठीवर थाप मारली. सगळे नाचत होते. तो चालत कडेपर्यंत आला, मला शोधलं, म्हणाला, "आई, मी बघितलं होतं." आणि खाली बसला. मग आडवा झाला. रंग असा गेला की मी तसा रंग फक्त आपल्या आईच्या शेवटच्या दिवशी पाहिला होता.

विमानाने इथे आणलं. डावं मूत्रपिंड फुटलं होतं, ते काढलं. रक्त फार गेलं, अजून आतून कुठेतरी जातंय. उद्या परत पोट उघडणार. डॉक्टर डोळ्यांत बघून बोलत नाहीत, मागच्या वर्षी त्या कॉरिडॉरमध्ये तू म्हणाली होतीस ना, तसे. शुद्धीवर एकदाच आला. विचारलं, "लॉनी उठला?" मी म्हणाले, उठला, घरी गेला, आपल्या पायांनी गेला. तेवढं ऐकून परत डोळे मिटले.

काल डुवेन आला, एवढ्या लांब, बापाचा बीटचा ट्रक घेऊन. कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभा राहिला आणि हमसून रडायला लागला, एवढं मोठं धूड. "काकू, तो नमुना माझा होता. दोन्ही वेळा. केंट म्हणाला, डॉक्टर थांबवतील. आम्ही पाचही जणांनी ठरवलं. आमचं काम त्याला सांभाळायचं ना, काकू? आम्हाला वाटलं, आम्ही त्याला सांभाळतोय." मी त्याला एक थोबाडीत मारली. मग त्याला जवळ घेतलं, कारण त्याला उभं राहवत नव्हतं. माझ्या टेबलावर जेवून, माझ्या पोरावर जीव टाकून त्यांनी हे केलं. मी कुणाला शिव्या देऊ?

लॉनीची आई भोपळ्याची गोड पाई भाजून घेऊन आली होती. ताटली माझ्या हातात देऊन ती नुसती उभी राहिली, आणि मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हणाले, तुझा वाचला. मागच्या वर्षी तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुझ्या मनात हेच होतं. आत्ता कळलं मला. मी तुला एवढी पत्रं लिहिली, जोलीन, आणि तू काय पाहत होतीस हे मला काडीचंही कळलं नव्हतं.

तू विचारलं होतंस, ठेवायचा होता की द्यायचा. त्याने तुला उत्तर दिलं नव्हतं. ठेवायचा होता. या वेळी त्याने ठेवला.

वेर्न बाहेर गाडीत बसला आहे, आत यायला धजत नाही. मी दोनदा लिफ्टपर्यंत गेले आणि तुझ्या मजल्याचं बटण न दाबता परत आले. माफी मागायला किंवा द्यायला येत नाही मी. खिडकीपाशी दोन खुर्च्या आहेत, एक रिकामी आहे. उद्या सकाळी त्याला आत नेतील आणि दार बंद करतील, आणि मग इथे बसायचं, एवढंच काम उरेल. ते कसं करायचं असतं, हे तू रोज करत आलीस. मला येत नाही.

खाली ये.

आर्लिस